ब्लेड रनरला झोप लागली, आता मत कुठल्या तोंडाने देऊ?

मावशी,
प्रश्न किरकोळ आहे, हसू नकोस. मला पिक्चरचं वेड आहे आणि बघून झाला की भावंडांच्या ग्रुपवर चार ओळी टाकायची सवय आहे. कुणी मागत नाही, मीच टाकते. बहुतेक मारामारीचे बघते, तेच आवडतात. मध्ये मामेभावाने (वयाने बराच मोठा, घरातला सिनेमातज्ज्ञ) जरा चांगलं काहीतरी बघ म्हणून कल्ट आणि परदेशी पिक्चरची यादी दिली. मी मनापासून सुरुवात केली. ब्लेड रनरला "दोन तास पाऊस आणि अंधार, झोप लागली, पाचपैकी दोन" असं लिहिलं. ओल्डबॉय डब केलेला बघितला, आवडला, तर दादा म्हणे डब बघितलास म्हणजे बघितलाच नाहीस. सेव्हन सामुराय तीन बैठकांत संपवला, त्यावरही टोमणा. मधेच यादीत नसलेला द रेड बघितला आणि "यंदा बघितलेल्यांत हाच सगळ्यात भारी" असं लिहिलं, तर सगळ्यांसमोर उत्तर आलं की तुझी आवड दहावीतल्या पोराची आहे आणि मुलगी असून तुला ही हाणामारी कशी बघवते. तेव्हापासून मी पिक्चर लावायच्या आधीच लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते वाचून घेते आणि तसंच काहीतरी लिहून टाकते. सेव्हन सामुरायवर मी आठ ओळी टाकल्या, त्यात माझी एकही नव्हती. त्या मेसेजला दादाने अंगठा दिला. आता मी गप्प बसू, की अभ्यास करून बोलू? आणि मारामारी आवडते म्हणजे आवड खालच्या दर्जाची असते का गं?
– मारामारीप्रेमी

मारामारीप्रेमी,

हसले नाही गं. म्हणजे त्या अंगठ्यापाशी हसले थोडी, पण ते दादाला.

झोप, डब, टोमणे सगळं घेते एकेक करून, पण आधी त्या आठ ओळी. कारण बाकी कशाने तुझं फार काही बिघडलेलं नाही. मत आधी वाचून ठेवायचं आणि मग पिक्चर लावायचा, याने काय होतं, तू पिक्चर बघतच नाहीस, हजेरी घेत बसतेस. लोकांनी सांगितलेली ती महान जागा आली का, आली, हां, आता मला काहीतरी वाटायला हवं, वाटलं का, नाही वाटलं, म्हणजे खोट माझ्यातच. असे तीन तास कुणाचेही रटाळ जातील, मग समोर सेव्हन सामुरायचा दिग्दर्शक कुरोसावा असो नाहीतर कुणीही. आणि वाईट याचं वाटतं की सेव्हन सामुराय हा तुझ्यासाठीच काढल्यासारखा पिक्चर आहे आणि नेमका त्याच्याबद्दलच तुला स्वतःचं एक वाक्य लिहायची हिंमत झाली नाही. त्याच्याकडे परत येते.

ब्लेड रनरपासून सुरू करू. तू कुठला बघितलास हे लिहिलंच नाहीस आणि इथे त्याने खरंच फरक पडतो. १९८२ साली जो थिएटरात लागला त्यात नायक हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन आहे, प्रेक्षकांना कळणार नाही या भीतीने घातलेलं, आणि शेवट ओढूनताणून गोड केलाय, त्यासाठी डोंगरदऱ्यांचे जे शॉट लावलेत ते कुब्रिकच्या द शायनिंगमधून उरलेले. मग १९९२ मध्ये डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाची आवृत्ती, आला, त्यात निवेदन गेलं, गोड शेवट गेला. आणि २००७ मध्ये फायनल कट, रिडली स्कॉटने शेवटी आपल्या मनासारखा केलेला. तुला पहिला मिळाला असेल तर त्या निवेदनाने झोप येणं मी अगदी समजू शकते, फोर्डचा आवाजच असा आहे की त्यालाही कधी एकदा संपतंय असं झालंय.

दुसरी गोष्ट दादाला सांग. म्हणजे भांडायला नाही, सहज सांग. २५ जून १९८२ ला अमेरिकेत ब्लेड रनर लागला आणि त्याच दिवशी जॉन कार्पेंटरचा द थिंगही लागला. त्याच्या दोन आठवडे आधी स्पीलबर्गचा ई.टी. येऊन बसलेला. लोक त्या गोड परग्रहवासीयासाठी रांगा लावत होते आणि या दोन्ही काळ्याकुट्ट पिक्चरकडे त्यांनी पाठ फिरवली, समीक्षकांनीही द थिंगला तर धू धू धुतला. मग व्हिडिओ कॅसेटवर हळूहळू दोघांना आपापली माणसं मिळत गेली. तेव्हा ज्या पिक्चरला आज दादा हात जोडतो त्याच्यासमोर पहिल्यांदा बसलेले बरेच जण तुझ्यासारखेच जांभया देत बाहेर आले होते, त्यांची आवड काही दहावीतली नव्हती.

कल्टचं सगळं असंच असतं. कुणी समिती बसून ठरवत नाही. काही थोड्या लोकांना एखादा पिक्चर इतका लागतो की ते परत जातात, परत जातात, दुसऱ्याला धरून नेतात. १९७० साल संपता संपता न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरात होदोरोव्स्कीचा एल टोपो मध्यरात्री दाखवायला लागले, जाहिरात जवळपास काही नाही, लोकच एकमेकांना सांगत होते. रॉकी हॉरर पिक्चर शो १९७५ चा, आधी आपटला, मग १९७६ पासून मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि लोक पात्रांसारखे कपडे करून येऊन पडद्याशी बोलायला लागले, ते अजून बोलतायत. आणि द रूम, २००३ चा, तो तर वाईट आहे म्हणूनच कल्ट आहे. त्यात टेबलावर चमच्याचा फोटो फ्रेम करून ठेवलाय, का ते पिक्चरमध्ये कळतच नाही, म्हणून लोक थिएटरात प्लॅस्टिकचे चमचे उधळतात. आपल्याकडे जाने भी दो यारों किंवा अंदाज अपना अपना घे, थिएटरात फार कुणी विचारलं नाही आणि नंतर टीव्हीवर बघून बघून लोकांना पाठ झाले. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे की त्या माणसांना तो पिक्चर कुणी गृहपाठ म्हणून दिलेला नव्हता. तुला दिला. त्यामुळे तुझ्यात आणि त्या पिक्चरमध्ये जे व्हायचं ते व्हायच्या आधीच मध्ये दादा येऊन बसला.

मला स्वतःला ब्लेड रनर आवडतो, पण मधला तो पाऊण तास, जिथे तो माणूस नुसता इकडून तिकडे फिरत असतो आणि फोटो मोठा करून करून बघत बसतो, तिथे मीही घड्याळ बघते. शेवटची पंधरा-वीस मिनिटं मात्र कुणी काही बोललेलं मला चालत नाही. खलनायक झालेला रुटगर हाउअर छपरावर पावसात जे बोलतो ते संहितेत बरंच लांबलचक होतं, त्याने स्वतःच छाटलं आणि पावसातल्या अश्रूंची ती ओळ स्वतः घातली. तिथे तू जागी होतीस का? असशील तर त्याबद्दल काय वाटलं ते लिही. नसशील तर कुठे डोळे मिटले ते लिही. "झोप लागली" हे काही वाईट मत नाही, फक्त अर्धवट आहे. कुठे लागली हे सांगितलंस की वाचणाऱ्याला पिक्चरबद्दल काहीतरी कळतं, आणि दादाला पण भांडायला काहीतरी ठोस मिळतं, नाहीतर तो तुझ्या आवडीशीच भांडणार ना.

आता मारामारी. इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण माझाही जीव तिथेच आहे.

द रेड बद्दल तू फक्त "भारी" लिहिलंस, हाच तुझा खरा गुन्हा. अगं तो पिक्चर २०११ चा, इंडोनेशियात बनवलेला, दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा. त्याला खरं तर तुरुंग आणि गँगवाला एक मोठा पिक्चर काढायचा होता, तेवढे पैसे उभे राहिनात, म्हणून एका इमारतीत मावेल अशी छोटी गोष्ट केली, साधारण अकरा लाख डॉलरमध्ये, हॉलिवूडच्या हिशेबाने हा चिल्लर खर्च (तो मोठा पिक्चर मग २०१४ मध्ये द रेड २ म्हणून आला). पोलिसांची तुकडी इमारतीत शिरते, वर डॉन बसलाय, खाली दारं बंद, गोष्ट संपली. इतकी छोटी गोष्ट असूनही तुला दीड-दोन तास धरून ठेवलं ते कशाने, याचा विचार कर जरा.

मी सांगते मी काय बघते ते. पाय दिसतात का. हसू नकोस, खरंच. ज्यांना मारामारी येत नाही अशा नटांची मारामारी असली की कॅमेरा छातीच्या वर राहतो आणि हलत राहतो आणि फटाफट कट पडतात, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा. इको उवाइस आणि यायान रुहियान हे त्यातले दोघं नट खरोखर पेंचाक सिलात, म्हणजे तिकडची मारामारीची कला, शिकलेले, मारामाऱ्यासुद्धा त्यांनीच बसवल्यात, त्यामुळे कॅमेरा मागे सरकून उभा राहू शकतो, आख्खा माणूस दिसतो, तोल कुठे गेला ते दिसतं, आणि मार बसल्यावर कट पडतो, बसायच्या आधी नाही. आणि ते दमतात. डॉनचा तो माणूस, मॅड डॉग, बंदूक बाजूला ठेवून देतो आणि हातांनीच लढायचं ठरवतो, त्या एका कृतीत त्या माणसाबद्दल जे कळतं ते दहा डायलॉगमध्ये नसतं कळलं. याला अभिनय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

याच्या उलट बघायचं असेल तर टेकन ३ मध्ये लियाम नीसन जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो तेवढं बघ. एक कुंपण. काही सेकंदांची गोष्ट, आणि डझनभराहून जास्त कट, बघून आपल्यालाच धाप लागते आणि कळत काहीच नाही. आता याचा अर्थ जलद कट वाईट असा काढू नकोस हं. बोर्न अल्टिमेटममध्ये कॅमेरा थरथरतो, कट पडत राहतात, त्याला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं, कारण तिथे तो गोंधळ त्या माणसाच्या डोक्यातला आहे आणि तरी कोण कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. त्याची नक्कल करणाऱ्यांनी फक्त थरथर उचलली. आणि मॅड मॅक्स: फ्युरी रोड तर बघितला असशीलच, दोन तासांत सुमारे २७०० कट, तरी डोळे दुखत नाहीत. का, तर जॉर्ज मिलरने ठरवून टाकलं होतं की बघण्याची गोष्ट दर शॉटमध्ये फ्रेमच्या मध्यावर ठेवायची, म्हणजे कट पडला तरी तुझी नजर जागची हलत नाही, शोधाशोध करावी लागत नाही. परत बघशील तेव्हा पडद्याच्या मध्यावर नजर ठेवून बघ, सगळं तिथेच घडतं, मला तर हे कळल्यापासून दुसरं काही दिसतच नाही.

आणि हो, हा पिक्चर एडिट केला मार्गारेट सिक्सेलने, मिलरची बायको. तिने त्याआधी अ‍ॅक्शन पिक्चर कधी एडिट केला नव्हता, मलाच का म्हणून तिने विचारलं तर मिलरचं म्हणणं होतं की नेहमीच्या पुरुषांनी केला तर तो नेहमीच्या अ‍ॅक्शन पिक्चरसारखाच दिसेल. सुमारे ४८० तासांचं फुटेज घेऊन बसली आणि ऑस्कर घेऊन उठली. मुलगी असून कशी बघवते वगैरे विचारणाऱ्यांसाठी हे पुरे आहे. पुरलं नाही तर मिशेल योचा सुपरकॉप लाव, १९९२ चा, त्यात ती मोटरसायकल घेऊन धावत्या ट्रेनच्या टपावर उडी मारते, ती स्वतः, आणि मोटरसायकल चालवायला ती त्या पिक्चरसाठीच शिकली होती. मला तो सीन बघताना अजून पोटात गोळा येतो.

जॅकी चॅनवर मी सुरू झाले तर हे सदर संपणार नाही, म्हणून एकच. पोलीस स्टोरी, १९८५. शेवटी मॉलमध्ये तो उंचावरून खांबाला धरून दिव्यांच्या माळा फोडत खाली येतो. ते दिवे तापलेले होते, हात भाजले त्याचे. आणि पिक्चरमध्ये ती उडी लागोपाठ तीन वेगवेगळ्या कोनांतून दाखवलीय, एकामागून एक, कारण असं काही केल्यावर एकदाच दाखवायचं म्हणजे काय. गोष्ट थांबली तर थांबली. मला हा निर्लज्जपणा फार आवडतो.

खालच्या दर्जाचं म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा वाटतं की मारामारी म्हणजे कथा थांबून मध्ये घातलेला दंगा. काही पिक्चरमध्ये असतो तसा, पुष्कळांत असतो, तू बघतेस त्यातल्याही निम्म्यांत असणार, त्यांना वाईट म्हण की बिनधास्त. कुठली मारामारी काहीतरी सांगते आणि कुठली नुसती वेळ काढते हे तुला कळतं, इतके बघितलेस म्हणजे कळतच असणार. मग ते कळणं लिहीत का नाहीस? ज्या विषयात तू घरात सगळ्यात जास्त पाणी प्यायलीयस त्यात एक शब्द लिहितेस, आणि ज्यात काही वाटलं नाही त्यात आठ ओळी. उलटं कर ना. ऑस्करवाल्यांनीसुद्धा आता कुठे स्टंटसाठी वेगळं बक्षीस ठेवलंय, २०२७ साली येणाऱ्या पिक्चरपासून, म्हणजे त्यांना कळायला शंभर वर्षं लागली, दादाला थोडा वेळ दे.

आता सेव्हन सामुराय. १९५४ चा, २०७ मिनिटांचा, आणि मधे मध्यंतर खुद्द कुरोसावानेच ठेवलंय. त्यामुळे तीन बैठका म्हणजे एकच जास्त झाली, त्यात काय एवढं. पण दादाच्या लक्षात आलंय का की अ‍ॅक्शनला नाकं मुरडत त्याने यादीत अ‍ॅक्शन पिक्चरच घातलाय? ओल्डबॉय पण धर, म्हणजे दोन झाले. सेव्हन सामुरायमध्ये तो म्होरक्या काम्बेई आधी गावाचा नकाशा घेऊन फिरतो, कुठून येतील, कुठे पाणी सोडायचं, कुठे कुंपण घालायचं, आणि मग कागदावर दरोडेखोरांचे गोल काढतो आणि एकेक मेला की गोल खोडतो. हे कशासाठी? आपल्यासाठी. किती उरले, कुठून येतायत, हे शेवटच्या त्या चिखलपावसातही आपल्याला माहीत असतं, म्हणून भीती वाटते. ती लढाई त्याने एकाच वेळी बरेच कॅमेरे लावून घेतली, म्हणजे गोंधळ खरा होऊ द्यायचा आणि नजर मात्र हरवू द्यायची नाही. द रेडमधली इमारत आठव, मजले आठव, तेच आहे हे. तुला द रेडमध्ये जे आवडलं त्याच डोळ्यांनी हा बघायचा होता, तू उसन्या डोळ्यांनी बघितलास. पहिला तासभर माणसं गोळा करण्यातच जातो, तो मलाही लांब वाटतो असं म्हणायला मी आता कुणाला घाबरत नाही, पण त्यात सातांतल्या क्युझोचं द्वंद्वयुद्ध आहे, आधी नुसत्या काठ्यांनी, मग खऱ्या तलवारींनी, आणि त्यात जवळजवळ कुणी हलतच नाही. तुझ्यासारखीने त्याच्यावर एक आख्खा मेसेज लिहायला हवा होता.

डबबद्दल दादा निम्मा बरोबर आहे. ओल्डबॉयमध्ये नायक चोई मिन-सिकचा आवाज हे निम्मं काम आहे, पंधरा वर्षं एका खोलीत कोंडलेला माणूस बाहेर येतो तेव्हा कसा बोलेल ते त्याने आवाजात केलंय, आणि डबमध्ये तो आवाजच दुसऱ्याचा. त्यामुळे त्याच्या अभिनयाबद्दल, संवादांबद्दल तू काही म्हणू शकत नाहीस. पण त्या कॉरिडॉरमधल्या हातोड्याच्या मारामारीबद्दल बिनधास्त म्हण, कारण ती कुठल्याच भाषेत नाही. कॅमेरा बाजूने सरकत राहतो, एकही कट नाही, तीन दिवस आणि सतरा टेक लागले त्याला, आणि शेवटी शेवटी ती माणसं दमलेली दिसतात ती खरंच दमलेली आहेत. तेव्हा बघितलाच नाहीस हे काही खरं नाही. "डब बघितला" असं पहिल्याच ओळीत लिहून टाक, म्हणजे विषय संपला.

शिवाय मूळ आवाजाचं पावित्र्य हेही दरवेळी खरं नसतं. सर्जिओ लिओनेचे वेस्टर्न घे, सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, इटालियन इटालियनमध्ये, अमेरिकन इंग्लिशमध्ये, आणि आवाज नंतर चढवला जायचा. हाँगकाँगचे जुने पिक्चरही बहुतेक असेच, शूटिंगला आवाज घ्यायचेच नाहीत. तिथे खरा आवाज कुठला म्हणायचा? जा आता आणि दादाला विचार.

तरी माझं ऐकशील तर सबटायटलची सवय लाव. पहिली दहा-पंधरा मिनिटं जड जातात, नजर खालीवर पळते, मग आपोआप जमतं. सुरुवात बडबड कमी असलेल्या पिक्चरने कर, रन लोला रन बघ, जर्मन, १९९८ चा, जेमतेम ऐंशी मिनिटांचा, मुलगी धावते, वीस मिनिटांत एक लाख मार्क (तेव्हाचे जर्मन पैसे) उभे करायचेत, संपलं. सिटी ऑफ गॉडने सुरुवात करू नकोस, पिक्चर जबरदस्त आहे पण पोरं इतकी भराभर बोलतात की वाचता वाचता चित्र निसटतं, तो पाचवा-सहावा ठेव. आणि अ‍ॅपमध्ये आवाजाची भाषा आधी तपास, बऱ्याच वेळा डब आपोआप लागलेला असतो आणि आपण अर्धा पिक्चर बघून झाल्यावर ओठ का जुळत नाहीत म्हणून चिडतो.

अभ्यास करू का विचारलंस. कर, पण बघून झाल्यावर. मेमरीज ऑफ मर्डर बघ, बोंग जून-हो चा, २००३ चा, खऱ्या खुनांवर आहे आणि पिक्चर आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. खरा गुन्हेगार कोण ते २०१९ मध्ये कळलं. हे वाचून तो शेवटचा शॉट परत आठवलास तर अंगावर काटा येतो, पण आधी तो शॉट कोरा बघायला मिळायला हवा. (आणि ग्रुपवर ओल्डबॉयचा शेवट फोडलास का? फोडला असशील तर दादाची बाजू घेईन मी.)

लिहिताना तारे देणं सोड. पाचपैकी दोन म्हटलं की समोरचा तीन का नाही म्हणून भांडतो, बोलणं आकड्यावरच अडकतं. मास्टरपीस हा शब्दही सोड, निदान वर्षभर. कुठे सावरून बसलीस आणि कुठे मोबाइल उचललास एवढं लिही, कुठला प्रिंट, डब की सबटायटल, आणि घरातल्या कुणाला आवडेल असं वाटतं. "ब्लेड रनर, फायनल कट, मधे अर्धा तास डुलकी लागली, तो फोटो बघत बसतो तिथे, छपरावरच्या सीनला जाग आली आणि म्हटलं हा माणूस आधी का नाही आला" असं काहीतरी. चार ओळीच आहेत, पण त्या तुझ्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही. आणि काही पिक्चर दोन दिवस राहू दे डोक्यात, सगळ्यांवर त्याच रात्री मत द्यायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

दादाचं काय करायचं. मला तो वाईट माणूस वाटत नाही. त्याच्या वयात हे पिक्चर मिळवायलाच खटपट करावी लागायची, कुणाची तरी कॉपी आणायची, ती परत द्यायची, आणि इतक्या खटपटीने बघितलेल्या पिक्चरला कुणी झोप लागली म्हटलं की जिव्हारी लागतं. पण सगळ्यांसमोर तुझी आवड काढणं चूक आहे आणि ते त्याला ग्रुपवर नाही, वेगळं सांग, एकदाच, सरळ शब्दांत, की दादा पिक्चरवरून भांड पण मला दहावीतली म्हणू नकोस. त्याच्याकडून यादी घेणं थांबव, त्यापेक्षा विचार की यातला कुठला सीन तू परत परत लावतोस, आणि तो सीन त्याच्याबरोबर बस आणि बघ. बदल्यात त्याने तुझ्याबरोबर द रेड बघायचा, पूर्ण, मोबाइल बाजूला ठेवून. नाही म्हणाला तर त्याचे अंगठे आणि टोमणे दोन्ही म्यूट कर, बाकीची भावंडं वाचतायत ना.

त्या आठ ओळींची कबुली वगैरे द्यायच्या भानगडीत पडू नकोस. क्युझोच्या द्वंद्वयुद्धापासून पुढचा भाग परत लाव आणि नवा मेसेज टाक.

ब्लेड रनर लगेच परत बघायची गरज नाही. त्याच दिवशी लागलेला दुसरा बघ, द थिंग, १०९ मिनिटांचा, बर्फात एक कुत्रा पळतोय आणि मागून हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या झाडतायत, गोष्ट इथून सुरू होते. त्याच्याबद्दल आधी काहीही वाचायचं नाही. डोळे कुठे झाकलेस ते मला आधी कळव, ग्रुपला नंतर.

– मावशी